इतिहास पहा

मामाच्या गावच्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. दोन लाकडी कपाटं, टवका उडालेला एक काचेचा लोलक आणि भिंतीवर विज्ञान प्रदर्शनातले जुने तक्ते. २०२३च्या दिवाळीत, भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, मामेबहीण मला तिथं घेऊन गेली. मामा त्याच शाळेत क्लार्क आहे, त्यामुळे सुट्टीतही किल्ली घरातच असते. तिला तिचा तक्ता दाखवायचा होता. तालुक्यात दुसरा नंबर आला होता.

पिवळं कार्डशीट, कडेनं चमकी, वरती लाल स्केचपेननं ‘प्रकाश : विश्वातला सर्वांत वेगवान प्रवासी’. मधोमध चौकटीत लिहिलं होतं : ‘प्रकाशाचा वेग आतापर्यंत सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर इतका अचूक मोजला गेला आहे. भविष्यात अधिक चांगल्या उपकरणांमुळे हा आकडा आणखी अचूक होत जाईल.’

दोन वाक्यं. पहिलं अर्धवट चूक, दुसरं पूर्ण चूक. आणि दोन्ही माझी होती. काना-मात्रेसकट माझी. जून २०२२मध्ये मी ती मराठी विकिपीडियावर लिहिली होती.

“कुठून घेतलंस हे?” मी शक्य तितक्या सहज विचारलं.

“विकिपीडियावरून. का रे दादा? तू पण लिहितोस ना तिथं?”

आता ही गोष्ट त्या चुकीची, पण तिच्याहून जास्त त्या आकड्याची. कारण चूक दुरुस्त करताना मला जे शिकावं लागलं, ते इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

*

दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकलो. जडत्व, संवेग, अपवर्तन हे शब्द मला कांदा-बटाट्याइतके घरचे होते. मग इंजिनिअरिंग, मग पुण्यात नोकरी, आणि ते शब्द एकेक करून कुठं गेले ते कळलंच नाही. हिंजवडीला जाताना कंपनीच्या बसमध्ये रोज सव्वा तास जातो. रील्स बघून डोकं भणभणायला लागलं तेव्हा एक दिवस मी मराठी विकिपीडिया उघडला आणि ‘संपादन’ हे बटण दाबलं.

तिथली भाषा बघूनच मी प्रेमात पडलो. नवख्यांनी सराव करायच्या पानाला ‘धूळपाटी’ म्हणतात. आपल्या पणजोबांनी पाटीवर धूळ पसरून बोटानं अक्षरं गिरवली, ती धूळपाटी. सगळ्यांनी मिळून बोलायच्या जागेला ‘चावडी’. आणि सांगितलेली कामं निमूट करणाऱ्या बॉटला ‘सांगकाम्या’. मी दिवसभर ऑफिसात सांगकामेच लिहितो, पण त्यांना इतकं नेमकं नाव आमच्या कुणाला सुचलं नाही.

धूळपाटीवर मी दोन दिवस काढले आणि तिसऱ्या दिवशी थेट प्रकाशाच्या वेगाला हात घातला. लेख त्रोटक होता. आकडा होता, पण त्याभोवती फारसं काही नव्हतं. मी ती दोन वाक्यं घातली. कुठलाही संदर्भ दिला नाही, कारण ‘भविष्यात आकडा आणखी अचूक होईल’ याला संदर्भ कसला लागतो? विज्ञान असंच तर चालतं. उलट मला ते वाक्य नम्र वाटलं, विज्ञानाला शोभणारं. बस थांबली, मी ‘बदल प्रकाशित करा’ दाबलं आणि उतरलो.

ती वाक्यं चौदा महिने तिथं राहिली.

*

ऑगस्ट २०२३मध्ये मला सूचना आली. माझा बदल उलटवला होता. आढाव्यात तीनच शब्द : ‘चर्चा पान पाहावे.’

चर्चा पानावर एका सदस्यानं लिहिलं होतं : ‘आपले वाक्य सदिच्छेने लिहिलेले दिसते. परंतु १९८३नंतर निर्वातातील प्रकाशाचा वेग मोजता येत नाही. तो ठरवलेला आहे. कृपया पुन्हा टाकू नये.’

मोजता येत नाही? मी चिडलो. आमच्याकडे कोड रिव्ह्यूमध्ये कुणी असं लिहिलं की आधी चहा घ्यायला जायचं आणि मग उत्तर द्यायचं, असा माझा नियम आहे. तो मी पाळला नाही. मी लगेच लिहिलं की विज्ञानात कुठलाच आकडा अंतिम नसतो, हे आपल्याला माहीत असेलच.

दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं. त्यात एक तक्ता होता : तारीख, कुणी मोजला, कसा मोजला, आकडा किती. खाली एवढंच : ‘हा आकडा म्हणजे तीनशे वर्षे अनेकांनी मिळून संपादित केलेला लेख आहे असे समजा. त्याचा इतिहास आधी पाहू. मग आपल्या वाक्याकडे येऊ.’

ते महाविद्यालयातून निवृत्त झालेले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत, हे मला नंतर कळलं. त्या उत्तरापासून मात्र मी त्यांना ‘सर’ म्हणू लागलो.

*

या लेखाची पहिली आवृत्ती १६७६ची, पॅरिसमधली. ओले रोमर हा डॅनिश खगोलवेत्ता गुरूच्या आयो या चंद्राची ग्रहणं पाहत होता. पृथ्वी गुरूपासून लांब जाई तेव्हा ग्रहणं उशिरा दिसत, जवळ येई तेव्हा लवकर. म्हणजे प्रकाशाला यायला वेळ लागतो. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला सुमारे २२ मिनिटं, असा त्याचा अंदाज. खरी वेळ पावणेसतरा मिनिटांच्या आसपास आहे. आकडा बराच चुकला, पण प्रकाश क्षणार्धात सगळीकडे पोचत नाही, हे वाक्य लेखात कायमचं आलं.

१८४९मध्ये इपोलित फिजो यानं ७२० दात्यांचं चाक फिरवून पॅरिसच्या परिसरातच, साडेआठ किलोमीटरच्या अंतरावर आरसा ठेवून हा वेग मोजला. दात्यांच्या फटीतून गेलेला किरण परत येईपर्यंत पुढचा दाता आडवा यावा, इतक्या वेगानं चाक फिरवायचं. त्याचा आकडा खऱ्यापेक्षा पाचेक टक्क्यांनी जास्त होता.

मग आला अल्बर्ट मायकेलसन. या माणसानं जवळजवळ आयुष्यभर हाच एक आकडा घासूनपुसून लख्ख केला. १९२६मध्ये त्यानं कॅलिफोर्नियात दोन डोंगरांवर, सुमारे ३५ किलोमीटर अंतरावर, आरसे बसवले आणि उत्तर काढलं : सेकंदाला २,९९,७९६ किलोमीटर, चूक झालीच तर ४ किलोमीटर इकडे किंवा तिकडे. आजचा आकडा २,९९,७९२.४५८ आहे. म्हणजे मायकेलसन १९२६मध्येच बरोबर होता.

माझी गोष्ट इथं संपली असती तर तुम्हाला आणि मलाही ती आवडली असती. हळूहळू सुधारत जाणारा आकडा, माझ्या वाक्यात होता तसाच. पण सरांच्या तक्त्यात पुढची ओळ वेगळी होती.

डोंगरांमधल्या हवेमुळे मोजमापात घोळ होतो, म्हणून मायकेलसननं सांता आना या गावाजवळ एक मैल लांबीची पोलादी नळी टाकली आणि तिच्यातली हवा पंपानं उपसली. आधीपेक्षा कितीतरी चांगलं उपकरण. काम चालू असतानाच, मे १९३१मध्ये, तो वारला. त्याचे सहकारी पीज आणि पिअर्सन यांनी अडीच हजारांहून जास्त मोजमापं पूर्ण केली आणि १९३५मध्ये आकडा जाहीर केला : २,९९,७७४. चूक धरा ११.

आकडा बिघडला होता. उपकरण सुधारलं आणि उत्तर सत्यापासून दूर गेलं.

बरं, हा एकटाच प्रयोग नव्हता. जर्मनीत मिटेलश्टेट यानं १९२८मध्ये वेगळ्याच पद्धतीनं २,९९,७७८ काढला होता. १९४०मध्ये ह्युटेलचा आला २,९९,७६८. १९४१मध्ये अँडरसनचा २,९९,७७६. चार प्रयोग, चारही एकमेकांच्या गळ्यात गळे घालून. त्याच वर्षी बर्कलीच्या रेमंड बर्ज यानं ही सगळी मोजमापं एकत्र तपासून मान्य आकडा ठरवला : २,९९,७७६, चूक जास्तीत जास्त ४ किलोमीटर धरली. प्रत्यक्षात चूक १६ किलोमीटरची होती.

काही जणांनी तर जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवून मांडणी केली, की प्रकाशाचा वेगच काळाबरोबर बदलतो आहे.

हे झालं कसं? बर्ज यानंच पुढं, १९५०च्या दशकात, याचं फार प्रामाणिक उत्तर दिलं. प्रयोग सुरू केला की आधी उत्तरं वेडीवाकडी येतात. माणूस उपकरणातले दोष शोधत जातो. उत्तर मान्य आकड्याच्या जवळ आलं की त्याला वाटतं, झालं, सापडले दोष. आणि तो शोधणं थांबवतो. उरलेले दोष तसेच राहतात.

हे वाचून मला घाम फुटला, कारण मी हे दर आठवड्याला करतो. टेस्ट लाल असेपर्यंत बग शोधायचा. ती हिरवी झाली की लॅपटॉप मिटायचा.

*

कोंडी फोडली ती प्रकाशाच्या क्षेत्राबाहेरच्या माणसांनी. लुई एसन हा इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत काम करणारा, रेडिओ लहरींतला माणूस. महायुद्धात रडारचं तंत्र पुढं गेलं होतं, त्याचा आधार घेऊन त्यानं आणि गॉर्डन-स्मिथ यानं १९४६मध्ये एक बंद धातूचा पोकळ डबा घेतला. त्या डब्यात सूक्ष्मलहरी कुठल्या वारंवारतेला घुमतात ते मोजलं, डब्याची मापं मोजली आणि दोन्हींवरून वेग काढला. आरसे नाहीत, डोंगर नाहीत, मैलभर नळी नाही. उत्तर आलं २,९९,७९२, चूक धरा ९.

मान्य आकड्यापेक्षा १६नं जास्त. एका डब्याच्या जोरावर हा माणूस चार प्रयोगांना चुकीचं ठरवत होता.

तिकडे अमेरिकेत कार्ल अ‍ॅस्लाक्सन हा सर्वेक्षण खात्यातला अधिकारी वेगळ्याच त्रासात होता. तो विमानातून रडारसारख्या यंत्रणेनं जमिनीवरची लांब अंतरं मोजत असे. ही अंतरं आधीच्या पक्क्या मोजणीशी जुळेनात, आणि फरक दर वेळी एकाच बाजूला. शेवटी त्याच्या लक्षात आलं, की प्रकाशाचा वेग थोडा वाढवून धरला तर नकाशा जुळतो. १९४९मध्ये त्यानं आकडा दिला : २,९९,७९२.४. स्वीडनमध्ये बर्गस्ट्रँड यानं प्रकाशाचीच स्पंदनं वापरून सुमारे २,९९,७९३ काढला. १९५०मध्ये एसननं पुन्हा मोजून २,९९,७९२.५ दिला. डबा, विमान आणि दिवा या तीन वेगळ्या वाटांनी आलेली माणसं एकाच मुक्कामाला भेटली आणि १९४१चा आकडा रद्द झाला.

विकिपीडियाच्या भाषेत सांगायचं तर वीस वर्षं आणि पाच-सहा संपादनांनंतर लेख मायकेलसनच्या १९२६च्या आवृत्तीजवळ उलटवला गेला.

*

इथं आमचं पहिलं खरं भांडण झालं.

विकिपीडियाच्या पायाभूत नियमांपैकी एक आहे : स्वतःचं संशोधन इथं आणू नका. आधी ते बाहेर प्रसिद्ध होऊ दे, इतरांनी तपासू दे, मग त्यांचा हवाला देऊन लिहा. या नियमाचा उगम थेट भौतिकशास्त्राच्या लेखांत आहे, हे मला माहीत नव्हतं. २००१मध्ये विकिपीडिया सुरू झाला. त्याआधी वर्षभर त्याच लोकांनी न्यूपीडिया नावाचा कोश चालवला होता, ज्यात तज्ज्ञ लिहीत आणि लेख सात पायऱ्यांतून तपासला जाई. त्यात मोजकेच लेख झाले. विकिपीडियानं दार सताड उघडलं, आणि दारातून कोण कोण आलं? आइन्स्टाइन चुकला हे सिद्ध करणारे, चिरंतन चालणारं यंत्र शोधलेले, विश्वाचं समीकरण सापडलेले. संस्थापक जिमी वेल्स यांनी पुढं स्वतः सांगितलं, की ‘स्वतःचं संशोधन’ ही संज्ञा मुळात भौतिकशास्त्रातल्या अशा तऱ्हेवाईक दावेदारांना आवरण्याच्या गरजेतून आली.

मी चर्चा पानावर विचारलं : “सर, १९४६मध्ये विकिपीडिया असता तर एसनचा आकडा आपण उलटवला असता की नाही? एक प्रयोग, मान्य मताच्या विरुद्ध. नियमाप्रमाणे २,९९,७७६च राहिला असता. म्हणजे आपण चुकीच्या बाजूनं पहारा दिला असता.”

सरांनी एक ओळ लिहिली : ‘होय. चार वर्षे.’

मग दोन दिवसांनी त्याखाली आणखी एक परिच्छेद आला. याच एसननं पुढे, १९५५मध्ये, जॅक पॅरीसोबत पहिलं व्यवहारात वापरता येईल असं सीझिअमचं आण्विक घड्याळ बनवलं. आज तुमच्या फोनमधली वेळ, लोकेशन, सगळं त्या घराण्यातल्या घड्याळांवर चालतं. आणि याच एसननं १९७१मध्ये एक पुस्तिका प्रसिद्ध केली, जिच्यात आइन्स्टाइनचा विशेष सापेक्षतावाद मुळातच चुकीचा आहे असा दावा होता. जगातला मोजमापांचा इतका मोठा जाणकार, आणि दावा असा की जो प्रयोगांच्या कसोटीवर टिकला नाही.

‘आता आपण सांगा,’ सरांनी लिहिलं, ‘१९४६चा एसन आणि १९७१चा एसन यांत संपादकाने फरक कसा करावा? माणूस तोच. आत्मविश्वास तोच.’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर उत्तर त्यांच्या तक्त्यातच होतं. १९४६च्या एसनमागे चार वर्षांत इतर लोक आपापल्या वाटांनी येऊन उभे राहिले. १९७१च्या एसनमागे प्रयोग उभे राहिले नाहीत. ज्ञानकोशाला हे आधी कळू शकत नाही. त्यानं थांबायचं असतं, आणि थांबताना कधीकधी सगळ्या जगासोबत चुकीचंही असायचं असतं. मला हे पटायला वेळ लागला. अजूनही पूर्ण पटलंय असं नाही. पण मग ज्ञानकोशाकडून वाचकानं मागायचं तरी काय, हा प्रश्न मात्र डोक्यात बसला.

*

त्याचं उत्तर मला मीटरच्या गोष्टीत मिळालं. माझं दुसरं वाक्य का चूक होतं, तेही तिथंच कळलं.

फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत ठरलं, की मीटर म्हणजे उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग. १७९२मध्ये देलांब्र आणि मेशँ हे दोन खगोलवेत्ते डंकर्क ते बार्सिलोना अशी रेषा मोजायला निघाले. देलांब्र उत्तरेकडचा भाग, मेशँ दक्षिणेकडचा. बार्सिलोनाजवळ मेशँनं दोन ठिकाणांहून अक्षांश मोजले आणि त्यांत सुमारे तीन सेकंदांचा फरक निघाला. इथं सेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग. फरक इवलासा, पण त्याला तो सुटेना. त्यानं तो लपवला. आकडे गुळगुळीत करून पुढं दिले. १७९९मध्ये प्लॅटिनमची मीटरपट्टी तयार झाली, त्याचा सन्मान झाला, आणि हा माणूस आतून कुरतडत राहिला. पुन्हा मोजणी करायला तो स्पेनला गेला आणि १८०४मध्ये तिथंच तापानं वारला.

त्याच्या वह्या देलांब्रच्या हाती आल्या तेव्हा खाडाखोड उघड झाली. देलांब्रनं काय करावं? वह्या जाळल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. त्यानं त्या जपल्या, शेजारी स्वतःच्या नोंदी केल्या, आणि पॅरिसच्या वेधशाळेत ठेवून दिल्या. पुढं येणाऱ्यानं स्वतः बघावं म्हणून.

गंमत म्हणजे मीटर सुमारे ०.२ मिलिमीटरनं आखूड निघाला तो मुख्यतः पृथ्वीच्या आकाराबद्दलच्या गृहीतकामुळे. मेशँ ज्या फरकानं झुरला, त्याचा त्यात मोठा वाटा नव्हता.

पुढं मीटरच्या व्याख्याही बदलत गेल्या. १८८९मध्ये नवी पट्टी, १९६०मध्ये क्रिप्टॉन वायूच्या प्रकाशाच्या तरंगलांबीवर आधारलेली व्याख्या. १९७२मध्ये अमेरिकेत बोल्डर इथल्या प्रयोगशाळेत लेझरनं प्रकाशाचा वेग मोजला तेव्हा चूक सेकंदाला जेमतेम एक मीटरवर आली, आणि एक अडचण समोर आली. आता अनिश्चितता प्रयोगापेक्षा मीटरच्या व्याख्येतच जास्त होती. पट्टीच अंधूक असेल तर मोजणारा काय करणार?

म्हणून १९८३मध्ये जगानं पट्टी आणि वस्तू यांची अदलाबदल केली. प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर, नेमका, पुढं दशांश नाही, असं ठरवून टाकलं. आणि प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८व्या भागात जेवढं अंतर जातो, तो मीटर. आज कुणी कितीही चांगलं उपकरण आणलं तरी हा आकडा बदलणार नाही. त्या उपकरणानं मीटर जास्त अचूक होईल.

तर माझं वाक्य. ‘भविष्यात हा आकडा आणखी अचूक होत जाईल.’ १९८२मध्ये ते बरोबर होतं. मी चाळीस वर्षं उशिरा लिहिलं.

*

मग आम्ही लेख नव्यानं लिहायला घेतला. सर, मी आणि प्रमाणलेखनावर बारीक नजर असलेल्या एक ताई, ज्यांना भौतिकशास्त्रात काही रस नाही असं त्या स्वतःच सांगत. पण आम्हाला सर्वांत जास्त त्यांनीच दमवलं. ‘निर्वातात’ म्हणजे काय ते लेखात कुठंच नाही. ‘मान्य’ केलं म्हणजे कुणी केलं? ‘अचूक’ आणि ‘नेमका’ यांत फरक आहे की तुम्ही दोघं आलटून पालटून वापरताय? या शेवटच्या प्रश्नावर सर आणि मी एक पूर्ण संध्याकाळ गप्प होतो. फरक होता. माझी सगळी चूक त्या फरकातच होती. मोजलेला आकडा अचूक असतो, ठरवलेला आकडा नेमका असतो. ते आम्ही लेखात पहिल्याच परिच्छेदात घातलं.

नावावरूनही वाजलं. आपल्या शाळेच्या पुस्तकात चाल आणि वेग वेगळे आहेत. दिशा नसली तर चाल, दिशा असली तर वेग. त्या हिशेबानं ‘प्रकाशाची चाल’ म्हणायला हवं. ताई म्हणाल्या, “प्रकाशानं कुणाविरुद्ध चाल केली आहे?” शेवटी मथळ्यात लोकांच्या तोंडातला ‘वेग’ ठेवला आणि खाली एका ओळीत चालीचा खुलासा केला.

या कामात मी जुने मराठी कोश पहिल्यांदा नीट उघडले. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२०च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, वर्गणीदार गोळा करत, कंपनी काढून, पदरमोड करत. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला, त्याचा पहिला खंड १९७६चा. छापलेल्या खंडाचं दुखणं असं की तो बांधला की बांधला. १९८३मध्ये मीटर बदलला म्हणून कपाटातल्या पानावरचं वाक्य बदलत नाही. पण केतकरांनी आणखी एक गोष्ट केली होती. ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावानं त्यांनी ज्ञानकोश मंडळाचाच इतिहास लिहून ठेवला. कोश कसा झाला, काय अडलं, हे वाचणाऱ्यासमोर ठेवलं. देलांब्रच्या वह्यांसारखं.

विकिपीडियाच्या प्रत्येक लेखावर ‘इतिहास पहा’ असं एक बटण आहे. तुम्ही बहुधा ते कधी दाबलं नसेल. मीही लिहायला लागेपर्यंत दाबलं नव्हतं. त्यात प्रत्येक बदल, तारीख, वेळ आणि कुणी केला ते आहे. माझी ती दोन वाक्यं आजही तिथं आहेत, माझ्या सदस्यनावासकट. मी ती पुसू शकत नाही. सुरुवातीला मला त्याची लाज वाटायची. आता वाटतं, ज्ञानकोशाकडून मागायचं ते हेच. तो कधी चुकणार नाही, हे वचन कुणीच देऊ शकत नाही. १९४१मध्ये बर्जसारखा माणूस देऊ शकला नाही. पण चूक कधी शिरली, कुणी घातली, कुणी काढली, हे दाखवायला तो बांधील आहे.

*

कार्डशीटला मात्र ‘इतिहास पहा’ नसतं.

प्रयोगशाळेत उभ्याउभ्या मी मामेबहिणीला सगळं सांगितलं. रोमर, नळी, डबा, मीटर. ती ऐकत होती, पण तिचा प्रश्न वेगळाच होता.

“मग परीक्षकांना कसं कळलं नाही?”

“मला तरी कुठं कळलं होतं?”

“दुसरा नंबर परत द्यावा लागेल का?”

“नाही गं.”

तिनं थोडा विचार केला, कपाटाच्या खणातून व्हाइटनरची बाटली काढली आणि झाकण उघडून माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणालो. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. मेशँचं नाव घेऊन तर अजिबातच नाही. मी एवढंच म्हणालो की पुसायचं नाही, एक रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे.

तिनं पट्टी घेऊन दोन्ही वाक्यांवर सरळ रेघ ओढली. खाली निळ्या स्केचपेननं माझ्या सांगण्यावरून लिहिलं : ‘१९८३पासून निर्वातातील प्रकाशाचा वेग सेकंदाला नेमका २९,९७,९२,४५८ मीटर असा ठरवलेला आहे. त्यावरून मीटर ठरतो.’ पुढं ‘दुरुस्ती’ असं लिहून तारीख घातली आणि पेन माझ्या हातात दिला.

“सही तू कर. चूक तुझी आहे.”

मी सही केली. ती तक्त्याकडे जरा वेळ बघत राहिली. चमकीच्या बॉर्डरमध्ये ती खोडलेली ओळ चांगलीच उठून दिसत होती.

“आणि हेही चुकलं तर?” तिनं विचारलं.

खाली अजून चार बोटं जागा होती. तिथं ती सूर्य काढणार होती. मी म्हटलं, सूर्य वर काढ, खालची जागा मोकळी राहू दे.